एका फोटोत दीड हेक्टर

लग्नाच्या मांडवावर भिरभिरणारा ड्रोन आता खेड्यातही कुणाला नवा नाही. वरात, घोडा, मुंडावळ्या बांधलेली जोडी आणि मागे पसरलेले हिरवे रान, सगळे तो झोकात टिपतो. मग तोच ड्रोन गावाच्या शिवारावर फिरवून पाचशे हेक्टरांची फिल्म घेतली तर? फिल्म देखणी होईल. पण सोयाबीन किती क्षेत्रावर आहे, पाणी कुठे तुंबले आहे, वादळात ऊस नेमका किती गुंठे आडवा झाला, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर तिच्यातून निघणार नाही. उलट मोजणीसाठी आलेला ड्रोन बघायला गर्दी झाली, तर दहा मिनिटांत ती पांगते. तो ठरलेल्या उंचीवर एका वेगाने सरळ जातो, वळतो, थोडे अंतर सोडून परत येतो, पुन्हा वळतो. कॅमेरा खाली वाकलेला, तो शेवटपर्यंत मान वर करत नाही. यंत्र एकाच जातीचे, कॅमेराही जवळपास तोच. मग एकातून करमणूक आणि दुसऱ्यातून नकाशा का निघतो? या प्रश्नाचे उत्तर भूमितीत आहे. आणि ती भूमिती लक्षात आली, की शेतीचे चित्रण एकेकट्या शेतकऱ्याने आपापल्या तुकड्यापुरते करण्यात फारसा अर्थ नाही, ते अख्ख्या शिवाराचे मिळून व्हायला हवे, या निष्कर्षाला यावे लागते.

आधी एक घोळ दूर करू. गावात हल्ली ‘ड्रोन आला’ म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर फवारणीचा ड्रोन येतो. बचतगटांतील महिलांसाठीच्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत १५,००० गटांना ड्रोन देण्याचे ठरले, तेही मुख्यतः खते आणि औषधे फवारण्यासाठीच. तो टाकी वाहणारा हमाल आहे. इथे विषय आहे तो बघणाऱ्या ड्रोनचा.

उंच जाऊन एकच फोटो का काढू नये?

मनात येणारा पहिला उपाय हाच असतो. पण कॅमेऱ्याला सरळ खाली दिसते ती फक्त त्याच्या बरोबर पायाखालची जागा. कडेची प्रत्येक वस्तू तो तिरकी पाहतो. म्हणून फोटोच्या मधोमध असलेल्या आंब्याचा नुसता घेर दिसतो, तर कडेचा आंबा बाहेरच्या बाजूला झुकलेला दिसतो आणि शेजारच्या वाफ्यावर आडवा पडतो. टेकाडावरचे शेत कॅमेऱ्याला जवळ असल्याने मोठे दिसते, ओढ्याकाठचे लहान. अशा फोटोवर पट्टी ठेवून गुंठे मोजले तर माळावरच्या मालकाची जमीन वाढते आणि मळीच्या मालकाची घटते. फोटो खोटा नसतो, पण तो नकाशाही नसतो.

यावरची युक्ती आपण सगळे नकळत वापरतो. धावत्या एसटीच्या खिडकीतून पाहताना रस्त्याकडेच्या बाभळी झपझप मागे पळतात आणि लांबचा डोंगर जागचा हलत नाही. वस्तू किती सरकली यावरून ती किती दूर आहे हे डोळा ओळखतो. ड्रोनचे सॉफ्टवेअर हेच आकड्यांत करते. एका फोटोतला बांधावरचा दगड, विहिरीचा कोपरा, पायवाटेचा फाटा असे हजारो ओळखीचे बिंदू ते निवडते, तेच बिंदू शेजारच्या फोटोंत हुडकते आणि प्रत्येक बिंदू किती सरकला यावरून दोन गोष्टी एकदमच सोडवते: फोटो काढताना कॅमेरा नेमका कुठे होता, आणि तो बिंदू किती उंचीवर आहे. फोटोंवरून मोजमाप करण्याच्या या शास्त्राला फोटोग्रामेट्री म्हणतात. ते ड्रोनपेक्षा पुष्कळ जुने आहे. विमानातून फोटो काढून नकाशे करण्याची पद्धत शंभर वर्षांपूर्वीही होती. उंचसखलपणा कळला की प्रत्येक फोटोतला तिरकेपणा काढून टाकता येतो आणि सगळे तुकडे जोडून असे एकच चित्र तयार होते, ज्यात प्रत्येक जागा बरोबर डोक्यावरून पाहिल्यासारखी दिसते. त्याला ऑर्थोमोझॅक म्हणतात. त्यावर मात्र पट्टी ठेवावी.

अट एवढीच, की जमिनीचा प्रत्येक तुकडा अनेक फोटोंत यायला हवा. म्हणून पुढचा फोटो मागच्यावर साधारण ८० टक्के चढवतात आणि शेजारच्या दोन ओळी एकमेकींवर ७० टक्के. ड्रोनचे कंटाळवाणे येणेजाणे त्यासाठीच असते. लग्नाच्या फिल्ममधूनही सुटी चित्रे काढून जोडता येतात, नाही असे नाही. पण ४के व्हिडिओच्या एका चित्रात सुमारे ८३ लाख ठिपके असतात, तर साध्या सर्वेक्षण कॅमेऱ्याच्या फोटोत दोन कोटी. शिवाय प्रत्येक फोटोसोबत त्या क्षणाचे अक्षांश, रेखांश आणि उंची नोंदली जाते.

उंचीचा हिशेब

ड्रोनच्या जाहिरातीत न सांगितला जाणारा भाग हा आहे आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचाही हाच. दोन कोटी ठिपक्यांचा, एक इंची सेन्सरचा कॅमेरा घेऊ. सर्वेक्षणात तो वर्षानुवर्षे वापरात आहे. शंभर मीटर उंचीवरून त्याच्या एका फोटोत १५० मीटर रुंद आणि १०० मीटर लांब जमीन मावते. म्हणजे दीड हेक्टर. फोटोतला एक ठिपका जमिनीवरच्या सुमारे पावणेतीन सेंटिमीटरचा. आता वर सांगितलेले चढाव धरले तर पुढच्या दोन फोटोंत २० मीटरचे अंतर राहते आणि दोन ओळींत ४५ मीटरचे. प्रत्येक फोटो नवी जमीन व्यापतो ती फक्त ९०० चौरस मीटर, म्हणजे नऊ गुंठ्यांच्या आत. कारण बाकीची आधीच्या फोटोंत येऊन गेलेली असते. एका हेक्टरला अकरा फोटो आणि पाचशे हेक्टरांच्या शिवाराला साडेपाच हजारांच्या वर. सेकंदाला दहा मीटर वेगाने उडताना दर दोन सेकंदांना एक फोटो, आणि बॅटरीची वीस मिनिटे खरी कामाची धरली तरी वळणे, चढउतार आणि राखीव चार्ज वजा जाता एका उड्डाणात चाळीसेक हेक्टर होतात. म्हणजे पाचशे हेक्टरांना बारा-तेरा बॅटऱ्या.

कुणी म्हणेल, मग खाली उडवा, जास्त बारीक दिसेल. दिसेल, पण त्याची किंमत झपाट्याने वाढते. उंची निम्मी केली की ठिपका निम्मा होतो, पण फोटो दुप्पट न होता चौपट होतात, कारण ओळीही दुप्पट लागतात आणि ओळीतले फोटोही. साडेपाच हजारांचे बावीस हजार. तेवढे जोडायला संगणकाला काही तासांऐवजी काही दिवस लागू शकतात. वेग वाढवून वेळ वाचवावा, तर चित्र फरफटते: सेकंदाला दहा मीटर वेगात शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागापुरते उघडले तरी तेवढ्यात ड्रोन दोन सेंटिमीटर पुढे गेलेला असतो, म्हणजे जवळजवळ पाऊण ठिपका.

त्यामुळे ‘किती उंचीवरून?’ याआधी ‘काय पाहायचे आहे?’ हे ठरवावे लागते. कपाशीच्या नांग्या भरण्यासाठी उगवण मोजायची असेल, तर पाच-सहा सेंटिमीटरचे रोप पावणेतीन सेंटिमीटरच्या ठिपक्यांत नीट ओळखू येत नाही. तिथे खाली उतरावेच लागेल, पण मग सगळ्या शिवाराऐवजी निवडक पट्ट्यांवर उडावे. आडवा पडलेला ऊस, तुंबलेले पाणी, फुटलेला बांध पाहायला शंभर मीटर पुष्कळ झाले. सगळे काही एकाच उड्डाणात हवे म्हणणाऱ्याच्या हाती शेवटी फोटोंचा ढीग उरतो.

चौकट: पाचशे हेक्टरांचे शिवार
उंची १०० मीटर असेल तर एका ठिपक्यात सुमारे २.७ सेंटिमीटर जमीन, फोटो साडेपाच हजारांवर, बॅटऱ्या बारा-तेरा. उंची ५० मीटर केली तर ठिपका १.४ सेंटिमीटरचा, फोटो सुमारे बावीस हजार आणि वेळ निदान दुप्पट. आधी परवानगी न घेता उडवण्याची कायद्याची कमाल मर्यादा १२० मीटर, म्हणजे ४०० फूट.

पीक हलते, जमीन चढते

इमारतींचे चित्रण शेताच्या मानाने सोपे, कारण भिंत वाऱ्यावर डोलत नाही. दोन फोटोंच्या मधल्या दोन सेकंदांत बाजरीचे कणीस हातभर सरकले, तर सॉफ्टवेअर त्या सरकण्यालाच उंची समजून बसते. आणि ऊस एकदा दाटला की ओळखीचा बिंदूच सापडत नाही. एकरभर हिरव्या पातींत प्रत्येक पाती शेजारणीसारखीच. भातखाचरातल्या पाण्याची तर आणखी वेगळीच तऱ्हा, त्यात खाचराऐवजी आभाळ दिसते. म्हणून वारा पडलेला असताना उडवणे, चढाव ८५ टक्क्यांपर्यंत नेणे, आणि बांध, रस्ता, झाड यांपैकी काहीतरी प्रत्येक फोटोत येईल इतकी उंची ठेवणे, असे तोडगे काढावे लागतात.

उताराची अडचण जास्त फसवी असते. मावळात किंवा कोकणात ड्रोन उड्डाणाच्या जागेपासून शंभर मीटर उंचीवर स्थिर राहिला आणि खालची जमीनच पन्नास मीटर चढली, तर तिथे त्याची खरी उंची पन्नासच उरते. फोटोत मावणारी जमीन निम्मी होते, ओळींमधले अंतर मात्र तेच राहते. पुढचा ८० टक्के चढाव ६० वर येतो आणि बाजूचा ७० टक्के थेट ४० वर. वर बसलेली वरकस जमीन नकाशात भोकांनी भरलेली निघते ती यामुळे. यावर उपाय म्हणजे जमिनीच्या चढउताराप्रमाणे ड्रोनचीही उंची बदलत नेणे. आजचे उड्डाण-सॉफ्टवेअर ते करते, पण त्याला त्या भागाच्या उंचीची माहिती आधी द्यावी लागते.

चित्र जोडले तरी ते जमिनीवर बरोबर बसले पाहिजे. साध्या जीपीएसची चूक काही मीटरांची असू शकते. दीड मीटरच्या बांधावरून जिथे कोर्टकचेऱ्या होतात तिथे ती परवडत नाही. म्हणून शिवारात ठिकठिकाणी ठळक खुणा मांडून त्यांचे स्थान अचूक मोजतात, किंवा जमिनीवरच्या कायम केंद्राशी तुलना करत ड्रोनची जागा त्या त्या क्षणी काही सेंटिमीटरांपर्यंत दुरुस्त करतात. अशा केंद्रांचे जाळे भारतीय सर्वेक्षण विभागाने उभारले आहे. पुरंदर तालुक्यातील सोनोरी गावात गावठाणाच्या ड्रोन मोजणीचा प्रयोग झाला आणि पुढे २४ एप्रिल २०२० रोजी स्वामित्व योजना सुरू झाली, तेव्हा त्या मोजणीला अशाच अचूकतेचा आधार होता. पण त्या योजनेतही घरांच्या हद्दी आधी जमिनीवर चुन्याने आखाव्या लागल्या. ड्रोनला भिंत दिसते, मालकी दिसत नाही. शेताचेही तसेच. वरून दिसतो तो बांध. तो गटाच्या हद्दीवर आहे की हद्दीत सरकलेला, याचा निवाडा भूमी अभिलेखच्या मोजणीनेच व्हायचा.

डोळ्याला न दिसणारा रंग

आतापर्यंत झाले ते आकाराचे. पिकाची तब्येत पाहण्यासाठी वेगळा कॅमेरा लागतो. हिरवे पान लाल प्रकाश शोषून घेते, कारण हरितद्रव्याला तो अन्न तयार करायला लागतो. लालच्या पलीकडचा, आपल्याला न दिसणारा निकट-अवरक्त प्रकाश मात्र पानाच्या आतल्या पेशींच्या रचनेवरून मोठ्या प्रमाणात परततो. पान आजारी पडले की लाल जास्त परतू लागतो आणि निकट-अवरक्त कमी. या दोहोंची वजाबाकी भागिले बेरीज, हा झाला एनडीव्हीआय नावाचा निर्देशांक. निरोगी पिकाकडून निकट-अवरक्त ५० टक्के आणि लाल ५ टक्के परतत असेल तर उत्तर येते ०.८२, ताणाखालच्या पिकाकडून ३० आणि १५ परतत असेल तर ०.३३. फरक इतका ठळक, की साध्या डोळ्यांना दोन्ही पट्टे हिरवेच दिसत असतानाही तो पकडता येतो. अर्थात मध्येच ढग आला तर तोही नकाशात आजारासारखा उमटतो. म्हणून उड्डाणाच्या आधी आणि नंतर ठरावीक राखाडी रंगाच्या पाटीचा फोटो घेऊन उजेडाचा हिशेब ठेवतात, तरी ऑगस्टमधल्या ऊन-ढगांच्या लपंडावापुढे तीही कधी कधी हात टेकते.

इथे विक्रेत्यांचे बोलणे जरा आवरायला हवे. हा निर्देशांक पीक कुठे दुबळे आहे एवढेच सांगतो, का दुबळे आहे ते सांगत नाही. उसातला एखादा सुकलेला पट्टा हुमणीने मुळे खाल्ल्यामुळे असेल, पाणी न पोचल्यामुळे असेल किंवा जमीन चिबड झाल्यामुळेही. तिन्हींचा रंग एकच. पीक खूप दाटले की आकडा वरच्या टोकाला अडकतो आणि चांगल्या व उत्तम उसातला फरक पुसला जातो. आणि काही शत्रू तर त्याला दिसतच नाहीत. २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यातल्या कपाशीची दैना करणारी गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत बसून खाते, पाने बाहेरून हिरवीगार राहतात. तिच्यासाठी कामगंध सापळे लावणे आणि बोंडे फोडून पाहणे हेच खरे. ड्रोनचा उपयोग असा, की शंभर एकरांपैकी कोणत्या दहा ठिकाणी जाऊन पाहायचे ते तो सुचवतो. पाहायला पायीच जावे लागते.

उपग्रह फुकट असताना हा खर्च कशाला?

हा आक्षेप रास्त आहे आणि तो उडवून लावता येणार नाही. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रे कुणालाही मोफत मिळतात, आणि जोडीने फिरताना ते सुमारे पाच दिवसांनी पुन्हा त्याच जागेवर येतात. त्यांचा सर्वात बारीक ठिपका दहा मीटर लांब-रुंद, म्हणजे १०० चौरस मीटर. योगायोगाने आपला गुंठाही जवळपास तेवढाच. म्हणजे उपग्रहाला गुंठ्यामागे एकच ठिपका दिसतो, आणि शंभर मीटरवरच्या ड्रोनला त्याच गुंठ्यात सव्वा लाखाहून जास्त. तालुक्यात कांदा किती लागला, कोणत्या भागात पीक मागे पडले, हे विचारायचे असेल तर एक ठिपका पुरतो आणि ड्रोन उडवणे म्हणजे उधळपट्टी आहे. पण अरुंद पट्ट्यांच्या शेतात एकाच ठिपक्यात तुमची तूर, मधला बांध आणि शेजाऱ्याचे सोयाबीन कालवले जाते. त्यात खरिपाचे ढग. जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे नेमके हवे तेव्हा, उपग्रहाला कित्येक फेऱ्यांत पांढऱ्या कापसाखेरीज काही दिसत नाही. रडारचे उपग्रह ढगांतून पाहतात, पण त्यांचे चित्र वाचायला तज्ज्ञ लागतो आणि रोपांचा रंग त्यात नसतो. ड्रोन ढगांच्या खालून उडतो. तेव्हा उपग्रहाने नियमित नजर ठेवावी आणि संशय आला तिथे, तेव्हाच ड्रोन पाठवावा, अशी वाटणी शहाणपणाची.

एकाचे रान की सगळ्यांचे शिवार

आता शंभर मीटरवरच्या फोटोतले दीड हेक्टर पुन्हा आठवू. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याची सरासरी धारणा १.३४ हेक्टर आहे. म्हणजे सरासरी शेतकऱ्याची सगळी जमीन ड्रोनच्या एका फोटोपेक्षा लहान. तिचा अचूक नकाशा करायचा तर कडांवरही पुरेसा चढाव मिळावा म्हणून बाहेरच्या ओळी उडवाव्याच लागतात, आणि निम्म्याहून जास्त फोटो शेजाऱ्याच्या रानाचे निघतात. यंत्र आणणे, खुणा मांडणे, त्या मोजणे हे ठरावीक कष्ट एका हेक्टरला लागतात जवळपास तेवढेच पन्नासला. जे पाहायचे आहे तेही बांध ओळखत नाही: पाणी वरच्या शेतातून खालच्यात उतरते, तुरीवरचा मर रोग बांध ओलांडतो, नाल्याचे तुंबणे दहा जणांना एकदम भोवते. कायदाही याच बाजूने झुकतो. ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे हरित क्षेत्रात, म्हणजे उड्डाणासाठी मोकळ्या ठेवलेल्या भागात, १२० मीटरपर्यंत आधी परवानगी लागत नाही, विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा ६० मीटरवर येते. पण यंत्राची नोंदणी आणि व्यवसायासाठी उडवणाऱ्याकडे चालक प्रमाणपत्र हवेच. सर्वसाधारण उड्डाणात ड्रोन नजरेच्या टप्प्यात ठेवायचा म्हणजे सव्वादोन किलोमीटर लांब-रुंद शिवारात चालकाला जागा बदलत हिंडावे लागते. इतके सगळे एका शेतकऱ्याने दोन एकरांसाठी का करावे?

गावपातळीवर केले तर त्याला जोडायला आणखीही काही हाताशी आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर शेतकरी ई-पीक पाहणीत आपल्या गटातले पीक स्वतः फोटोसह नोंदवतात. नकाशाला रंग कळतो, पिकाचे नाव कळत नाही. ते नाव या नोंदींतून मिळू शकते, आणि उलट नोंद चुकली असेल तर नकाशा ती दाखवून देऊ शकतो. पीकविम्यातही तसेच. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने कृषी मंत्रालयाला १०० जिल्ह्यांत ग्रामपंचायत पातळीवरच्या उत्पादनाच्या अंदाजासाठी ड्रोन वापरण्याची सशर्त मुभा दिली. दाणे किती भरले हे वरून कळत नाही, पीक कापणी प्रयोग करावाच लागतो. पण ते प्लॉट सोयीने न निवडता शिवारातले चांगले, मध्यम आणि वाईट असे तिन्ही भाग पाहून निवडले, तर सरासरीवर भांडण कमी होईल. विम्यात स्थानिक आपत्तीचे संरक्षण असेल, तर गारपिटीनंतर नुकसानीची सूचना ७२ तासांत द्यायची असते. त्या घाईत एकेका शेताचे पंचनामे होईस्तोवर पीक उचलले जाते किंवा सडते. अख्ख्या शिवाराचे तारीख-वेळेसह चित्र हा पुरावा तोवर टिकतो.

नकाशा कुणाच्या हाती?

शेतकऱ्यांचा सगळ्यात जुना आक्षेप मला सगळ्यात खरा वाटतो: आमचे रान वरून बघून फायदा कुणाचा? शिवारात किती हेक्टर कांदा उभा आहे आणि तो केव्हा निघेल, हे पिकवणाऱ्यांच्या आधी व्यापाऱ्याला समजले तर बाजारात भाव पाडायला त्याचा उपयोग होईल. विमा कंपनीला मिळालेला नकाशा विमाधारकाला मिळालाच नाही, तर दावा नाकारताना तो एकतर्फी पुरावा बनेल. या भीतीपोटी उड्डाणच नको म्हणणे मला पटत नाही, कारण उपग्रहांची चित्रे व्यापाऱ्याला आजही मोफत मिळतात. अज्ञानात राहतो तो फक्त गाव. त्यापेक्षा उड्डाणाआधी ग्रामसभेत किंवा शेतकरी उत्पादक कंपनीत लेखी ठरवावे की चित्रे गावाच्या ताब्यात राहतील, बाहेर द्यायची तर संमतीने, आणि प्रत्येकाला आपल्या गटाचा भाग पाहता येईल.

करार करताना एक कलम विसरले जाते. कंत्राटदाराकडून रंगीत नकाशाची छापील प्रत घेऊन समाधान मानू नये. मूळ फोटो, खुणांची मोजमापे आणि उंचीची फाइल मागून घ्यावी. ओपनड्रोनमॅपसारखे मोफत सॉफ्टवेअर उपलब्ध असल्याने जवळच्या कृषी महाविद्यालयातले विद्यार्थीही ते फोटो पुन्हा जोडून तपासू शकतात. आणि पहिले उड्डाण पेरणीआधी, मे महिन्यात, रान मोकळे असताना करावे. पीक उभे राहिल्यावर ड्रोनला पिकाचा माथा दिसतो, जमीन दिसत नाही. मे मधल्या जमिनीची पातळी हाती असेल, तर ऑगस्टच्या चित्रातून ती वजा करून पिकाची उंची काढता येते, आणि त्याच पातळीवरून पावसाआधीच कळते की पाणी कुठे साचणार आहे, चर कोणत्या बांधालगत काढायचा.